सलव्याची तार

गनीभाई होडेकर फोनवर हॅलो म्हणत नसत. सलामसुद्धा नंतर. पलीकडून फोन उचलला गेला की पहिला प्रश्न, "उजेड हाय ना?" हा प्रश्न ते जगात एकाच माणसाला विचारत, कतारमध्ये दोह्याला राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाला, इक्बालला. इक्बालचं "हाय" ऐकलं की मग सलाम, मग गावाकडच्या आईची तब्येत आणि मग एकमेकांना प्रेमळ शिव्या. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, भावाला डोळ्यांचा काहीतरी आजार असावा.

आजार वगैरे काही नव्हता. दोह्याकडे जाणारी एक तार सौदीतून निघत होती आणि त्या तारेची धुलाई गनीभाई करत होते. आपण धुतलेल्या तारेतून भावाच्या खोलीत वीज पोचते की नाही, याची ते चौकशी करत. दुसरा कुणी पार्सल पोचल्याची करतो तशी.

हे नीट समजायला आमचं स्टेशन समजलं पाहिजे. आखातातल्या सहा देशांनी मिळून एक संघ केलेला आहे. संघाला झेंडा आहे, सचिवालय आहे, दरवर्षी शिखर परिषद आहे आणि परिषदेच्या शेवटी एक लांबलचक निवेदन आहे, ज्यात जगातल्या झाडून सगळ्या प्रश्नांबद्दल चिंता व्यक्त केलेली असते. याखेरीज संघाकडे एक तार आहे. सहाही देशांची विजेची जाळी तिने जोडलेली आहेत. एका देशात जनित्र बंद पडलं तर बाकीच्यांकडून वीज क्षणात तिकडे धावते, त्यासाठी बैठक भरवावी लागत नाही. अडचण एवढीच की सौदीची वीज सेकंदाला साठ ठेके घेते आणि बाकीच्यांची पन्नास. दोन्ही सरळ एकमेकांना जोडून चालत नाही. म्हणून सौदीतल्या जुबैल शहराच्या मागे वाळवंटात, साठाचे पन्नास आणि पन्नासाचे साठ करणारं एक स्टेशन बांधलं आहे. मी तिथल्या कंट्रोल रूममध्ये इंजिनियर. थोरला भाऊ वेगळ्या ठेक्यावर चालतो आणि ते जमवून घ्यायला वाळवंटात एवढी मोठी इमारत लागते, हे पाहून संघाबद्दलचं माझं मत तयार झालं होतं आणि ते बदलण्याची मला गरज वाटत नव्हती.

गनीभाईंचं मत नेमकं उलटं होतं. ते धुलाईच्या टोळीचे फोरमन. विजेच्या मनोऱ्यांवर तारा ज्या चिनी मातीच्या चकत्यांना टांगलेल्या असतात, त्या चकत्यांवर समुद्राचं मीठ आणि वाळवंटाची धूळ बसते. पहाटे दव पडलं की त्या थराचा चिखल होतो, वीज त्यातून वाट काढते, तडतडते आणि एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन लाईन बंद पडते. ते होऊ नये म्हणून शुद्ध पाण्याचा जोरकस फवारा मारून चकत्या धुवाव्या लागतात, तेही तारेत वीज वाहत असताना. गनीभाई बुटके, रुंद, मेंदी लावलेल्या दाढीचे. हेल्मेटच्या पट्ट्यानं गालावर कायमची पांढरी रेघ पडलेली. फवारा हातात घेतला की मात्र हा माणूस उंच दिसायचा.

या कामाचा एक नियम आहे. धुवायचं ते खालून वर. घरात आपण भिंत वरून खाली धुतो. इथे वरून सुरुवात केली तर वरचं घाण पाणी खालच्या मळक्या चकत्यांवर ओघळतं आणि त्या ओघळातून वीज धावते. आधी खालचं स्वच्छ करायचं, मग वर सरकायचं. नवीन पोराला हे शिकवताना गनीभाई म्हणत, "वरून धुवायला ती काय शिखर परिषद हाय?"

हे त्यांचं राजकीय तत्त्वज्ञान होतं. संघावर त्यांची श्रद्धा होती, पण संघाच्या पुढाऱ्यांवर नव्हती. मेसमधल्या टीव्हीवर परिषदेचं थेट प्रक्षेपण लागलं की ते ताट घेऊन समोर बसत. सोन्याच्या कडांच्या खुर्च्या, सुगंधी धूर, कॉफीच्या चोचदार किटल्या आणि एकमेकांच्या नाकाला नाक लावणारे राज्यकर्ते. मला त्यात फक्त सजावटीचं कंत्राट दिसायचं. गनीभाईंना सहा भाऊ दिसायचे.

"एकेकटा गेला तर अमेरिका काय करंल, शिंदेसाहेब? च्या पाजंल आणि विमानं विकंल. साही मिळून गेले तर उठून उभी ऱ्हाईल."

"साही मिळूनच जातात, गनीभाई. आणि येताना सहाही जण वेगवेगळी विमानं घेऊन येतात."

"घेऊ द्या वो. तार तर एकच हाय ना?"

मी संघांबद्दल बरंच वाचलं होतं आणि वाचलेलं ऐकवायला मला कॅम्पमध्ये दुसरं कुणी नव्हतं. युरोपातल्या संघाचं मी त्यांना सांगायचो. कोळसा आणि पोलाद एकत्र करण्यापासून सुरुवात झाली, मग बाजार एक झाला, मग चलन, आणि तरी एक देश उठून बाहेर गेलाच. आपल्या दक्षिण आशियातल्या संघाचंही सांगायचो, ज्याची बैठक भरली नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गनीभाई सगळं लक्ष देऊन ऐकत आणि त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचलत. "बगा, कोळशापासनं म्हणजे खालनंच सुरुवात केली ना त्यांनी? मंग!"

चिपळूणचा सावंत नावाचा वेल्डर होता, त्याला हे वाद फार आवडत. तो म्हणायचा, "गनीभाई, तुमी संघाचे सरचिटणीस का नाय होत?"

"इकाम्यावर 'क्लीनर' लिवलाय रे. नायतर कवाच झालो असतो."

इकामा म्हणजे सौदीतला राहण्याचा परवाना. त्यावर आपण कोण आहोत ते दुसऱ्यानं ठरवलेलं असतं.

गनीभाईंच्या श्रद्धेचं खरं मूळ शिखर परिषदेत नव्हतं, सलव्याला होतं. सलवा म्हणजे सौदी आणि कतार यांच्या सीमेवरचं ठाणं. समुद्र जवळ, त्यामुळे तिथल्या सबस्टेशनवर मीठ फार आणि गनीभाईंची फेरी वरचेवर. इक्बाल दोह्याच्या एका कंपनीचा ट्रेलर चालवायचा. तो सौदीत यायचा, दम्मामहून भाजी आणि दूध भरायचा आणि परत जायचा. दोन्ही भाऊ फेऱ्या जुळवून घेत आणि सलव्याच्या ट्रक पार्किंगमध्ये भेटत.

एकदा मी कामासाठी गनीभाईंबरोबर गेलो होतो. त्या दिवशी त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, अत्तर लावलं होतं आणि जुबैलच्या मासळी बाजारातली सुरमई बर्फात घातली होती. पार्किंगमध्ये इक्बालचा ट्रेलर उभा होता. ट्रेलरवाल्यांच्या गाडीला बाजूला एक लोखंडी पेटी असते, तिचं झाकण खाली पाडलं की ओटा तयार होतो. आत शेगडी, तांदूळ, मसाल्याचे डबे. इक्बाल उंच, काटक, सतत हसणारा. त्यानं भात टाकला, गनीभाईंनी गावची आमसुलं घालून कालवण केलं आणि आम्ही ट्रेलरच्या सावलीत चटईवर बसून जेवलो.

"ह्यो आमचा संघ बगा, शिंदेसाहेब," इक्बाल म्हणाला. "दोनच देश हायत. आणि थोरला ऐकत नाय."

"थोरल्याच्या वाटीत काटेच येतात, म्हणून ऐकत नाय," गनीभाई म्हणाले आणि आपल्या पानातला मधला तुकडा त्याच्या पानात टाकला.

त्या दोघांना भेटायला जगात ती एकच जागा होती. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण आखातातल्या भावांना हे सांगावं लागणार नाही. दाभोळच्या खाडीकाठी त्यांची आई एकटी राहायची, शेजारची भाची तिचं बघायची. दोन्ही भावांना कंपनीची सुटी दोन वर्षांतून एकदा. दोघं एकदम गेले असते तर आईला एका वर्षी दोन मुलगे मिळाले असते आणि दुसरं वर्ष रिकामं गेलं असतं. म्हणून त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं, एक वर्ष गनी, एक वर्ष इक्बाल. आईला दर वर्षी एक मुलगा. त्यामुळे गावात दोघं एकत्र असे कधीच नव्हते. आईला आपली मुलं आलटूनपालटून दिसत आणि मुलांना एकमेकांची तोंडं सलव्याला.

मग एका रमजानात सहा भावांचं बिनसलं. संघातल्या काही देशांनी कतारशी संबंध तोडले. सलव्याचा रस्ता बंद झाला, विमानं बंद झाली. मेसमध्ये रोजा सोडायला बसलेली माणसं खजूर हातात धरून टीव्हीकडे बघत राहिली. सावंत म्हणाला, "आता काय, सरचिटणीस?"

गनीभाईंनी शांतपणे खजूर तोंडात टाकला. "ईदीच्या आत मिटंल."

हे त्यांनी अंदाज म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांच्या गावात तशी रीतच होती. जमातीतल्या दोन घरांत अबोला असेल तर ईदच्या नमाजाआधी जमातीचे वडीलधारे दोघांना ओढून आणत आणि गळाभेट घ्यायला लावत. अबोला घेऊन ईदगाहातून कुणी परत जात नसे. तरुणपणी गनीभाई आणि इक्बाल यांचाच अबोला झाला होता, अंगणातल्या फणसाच्या फांदीवरून. तोही असाच सुटला होता. "वडलांनी माझी मान धरली आणि त्येच्या खांद्यावर ठेवली. मंग रडायला कोणी सांगितलं नव्हतं, दोघंबी रडलो." सहा राजघराणी, एक धर्म, एक भाषा, आपसात सोयरिकी. यांचं ईदीच्या आत मिटणार नाही तर कुणाचं?

मी म्हटलं, "गनीभाई, तुमच्या जमातीकडे तेल नव्हतं."

"माणसं होती," ते म्हणाले.

ईद आली. नमाज झाला, कॅम्पात शिरखुर्मा झाला. रस्ता बंदच. गनीभाईंनी दोह्याला फोन लावला. "उजेड हाय ना?" आणि पलीकडून उत्तर आलं, "हाय."

ती एक मोठी गंमत होती. रस्ता बंद, आकाश बंद, बंदरं बंद. पण तार कुणी तोडली नाही. निवेदनं, प्रतिनिवेदनं आणि वाहिन्यांवरची आरडाओरड चालू असताना तारेतून मुकाट्यानं दोन्हीकडे वीज जात होती. कंट्रोल रूमच्या पडद्यावर ते मला रोज दिसत होतं. जगाच्या राजकारणावर लिहिणाऱ्या विद्वानांनी या संघाचं श्राद्ध उरकून टाकलं होतं. कुणी म्हणत होते, हा संघ तेहरानच्या भीतीनं जन्मला आणि आपसातल्या भीतीनं मेला. कुणी म्हणत होते, आता वॉशिंग्टन आणि अंकारा सहाजणांशी सहा वेगळे सौदे करतील. ते खरंही होतं. मी ते लेख वाचून गनीभाईंना सांगितले. ते म्हणाले, "त्या लिवणाऱ्याला तार दाखवली का कोणी?"

सलव्याच्या फेऱ्या चालूच होत्या, कारण मीठ काही संबंध तोडत नव्हतं. गनीभाई जात, धूत, रिकाम्या पार्किंगकडे पाठ करून डबा खात आणि परत येत. धुतलेला शर्ट घालणं त्यांनी सोडलं नाही. अत्तर मात्र सोडलं.

तसा एक हिवाळा गेला. परिषद भरली. कतारच्या खुर्चीवर राज्यकर्त्याऐवजी भलताच कुणीतरी बसला होता, आणि गनीभाई म्हणाले, "खुर्ची ठेवलीय ना? मंग मिटंल." दुसरी ईद गेली. दुसरी परिषद आली. त्या सुमाराला एका शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर, इक्बालचा फोन आला. गनीभाईंचे हात भरलेले होते म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता.

"भाई, ऐक. यंदा माजी पाळी हाय. तू बी सुटी आदी घेऊन ये. दोगंबी एकदम जाऊ."

"आणि पुढलं वरीस? आयेनं काय करायचं?"

"एक वरीस काडंल ती. मी बोललोय तिच्याशी. ती म्हणती, या रं दोगं."

"ती म्हणंलच. तिला काय इचारतोस! रस्ता उघडतोय, कुवेतवाला मधी पडलाय. पुढच्या बैठकीत मिटंल. सलव्याला भेटू."

"भाई, किती बैठका झाल्या?"

"भावांचं भांडण हाय, इक्बाल. लांबतं. तुटत नाय."

पलीकडे मग इक्बाल हसला. "बरं. तू थोरला."

फोन बंद झाल्यावर मी न राहवून म्हटलं, "गनीभाई, जा तुम्ही. हे इतक्यात मिटत नाही. असे संघ भांडणं मिटवायला नसतात, ती झाकायला असतात."

ते ताट धुवायला उठले होते. वळून म्हणाले, "तुमी लई वाचता, शिंदेसाहेब. इश्वास ठेवायला टाईम ऱ्हात नाय तुमाला." रागावलेले नव्हते. कीव करत होते.

इक्बाल एकटाच गावी जाऊन आला. पुढच्या वर्षी गनीभाई एकटे जाऊन आले. आईला दर वर्षी एक मुलगा मिळाला, हिशेब चुकला नाही. मग जगभर ती साथ आली आणि सगळ्याच देशांनी सगळ्याच देशांशी रस्ते बंद केले. आमचा कॅम्पही बंद झाला. खोलीबाहेर पडायचं नाही, जेवण दारात. त्या उन्हाळ्यात इक्बालला ताप आला. पाच-सहा दिवस गनीभाई दारात खुर्ची टाकून फोन करत. "उजेड हाय ना?" उत्तर येई, रोज थोडं बारीक. मग एका सकाळी फोन इक्बालच्या खोलीतल्या सोबत्यानं उचलला. गनीभाईंनी सवयीनं प्रश्न विचारला. तो मनुष्य पेशावरकडचा होता, त्याला मराठी येत नव्हती. तो रडायला लागला.

दफन तिथेच झालं, मोजक्या माणसांत. गनीभाईंना जायला रस्ता नव्हता. साथ नसती तरी नव्हता. सावंत आणि मी त्यांच्या दारासमोर अंतर ठेवून उभे राहिलो. आतून ते म्हणाले, "आयेला सांगायचं कोणी? यंदा त्येची पाळी होती."

निर्बंध जरा सैल झाल्यावर सलव्याची फेरी लागली. फार दिवस धुलाई झालेली नव्हती, कंट्रोल रूममध्ये मला तारेची काळजी वाटत होती. गनीभाईंना पाठवू नये असं वरिष्ठांचं म्हणणं होतं. ते कपडे करून गाडीत बसलेलेच होते. मी बरोबर गेलो.

सबस्टेशनवर पोचलो तेव्हा चकत्यांवर पांढरट साय जमली होती. समोर तारांची रांग एकामागून एक मनोऱ्यांवरून सीमेकडे आणि पलीकडे जात होती, मनोरे लहान लहान होत दिसेनासे होईपर्यंत. गनीभाईंनी फवारा घेतला. सगळ्यात खालची चकती, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. घाई नाही, थांबणं नाही. पाणी उन्हात उडत होतं आणि खाली पडायच्या आत वाळत होतं. एक माळ झाली की दुसरी. मी पुष्कळ वेळा त्यांचं काम बघितलं होतं, त्या दिवशीसारखं नाही. एकाही चकतीवर त्यांनी कमी-जास्त वेळ दिला नाही.

शेवटी फवारा खाली ठेवून त्यांनी हेल्मेट काढलं. मला वाटलं आता रडतील. ते सीमेकडे बघत म्हणाले, "इक्बालच्या खाटेवर आता दुसरा कोणतरी आला असंल. ह्या गरमीत एसी बंद पडला तर मरंल बिचारा."

परत येताना गाडीत त्यांनी फोन काढला, हातात धरला आणि परत खिशात ठेवला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात रस्ता उघडला. ईदला नाही, शिखर परिषदेच्या वेळी. मेसमध्ये आम्ही टीव्हीपुढे होतो. विमान उतरलं, शिडी लागली, पाहुणा खाली आला आणि यजमानानं त्याला मिठी मारली. वाहिनीवाले तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवत होते. निवेदनात बंधुभाव होता, एकजूट होती, जगापुढे एका आवाजात बोलण्याचा निर्धार होता. मेसमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे गनीभाईंकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते, म्हणजे सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

गनीभाईंनी ताट बाजूला सारलं. "मिटलं," ते म्हणाले. "मी म्हणलं होतं, मिटंल." मग माझ्याकडे वळले. "गळाभेट बगितलीत ना? आमच्या गावात बी अशीच घेतात. फक्त लवकर घेतात."

इतकी वर्षं आमच्या वादात कोण बरोबर होतं, हा प्रश्न मला त्या क्षणी सोडवता आला नाही. पुढेही नाही. मी म्हणत होतो मिटणार नाही, आणि ते मिटलं. ते म्हणत होते मिटेल, आणि ते मिटलं. दोघांच्याही हाती काही लागलं नव्हतं.

ट्रेलर सुरू व्हायला आणखी बरेच दिवस गेले. सुरू झाल्याचं कळलं तेव्हा सलव्याच्या फेरीच्या दिवशी गनीभाईंनी सुरमई घेतली. धुतलेला शर्ट घातला, अत्तर लावलं. मी विचारलं नाही, बरोबर गेलो. काम आटोपून आम्ही पार्किंगमध्ये बसलो. त्यांनी आमच्या गाडीच्या मागच्या फळीवर शेगडी मांडली, आमसूल घातलं, भातही स्वतःच टाकला. दोह्याच्या नंबराचा एक ट्रेलर येऊन उभा राहिला. खाली उतरलेला ड्रायव्हर दाढीवाला, थकलेला, अनोळखी पठाण होता. गनीभाईंनी त्याला हाक मारून बसवलं आणि पान वाढलं. तोही काही न विचारता जेवला. रस्त्यावरची माणसं अशी जेवतात.

"उधर बत्ती बराबर है ना?" गनीभाईंनी विचारलं.

पठाण चमकला. "बत्ती को क्या होना है चाचा?"

"कुछ नहीं. तू खा." आणि त्यांनी आपल्या पानातला मधला तुकडा त्याच्या पानात ठेवला.

त्यानंतर वर्षभरातच त्यांनी कायमचं परत जायचं ठरवलं. कंपनी आणखी ठेवून घ्यायला तयार होती. ते म्हणाले, "आता एकच मुलगा हाय. आयेचं एक आड एक वरीस रिकामं जाईल, तसं चालणार नाय." दम्माम विमानतळावर सावंत आणि मी सोडायला गेलो. सामानात फार काही नव्हतं. हेल्मेट त्यांनी टोळीतल्या माणसाला दिलं होतं, गालावरची पांढरी रेघ तेवढी बरोबर चालली होती. आत जाता जाता त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, काहीतरी अखेरचं बोलतील. ते म्हणाले, "नवीन पोरं वरनं धुतात. नजर ठेवा."

सावंत पुढे सौदीतच, उत्तरेकडच्या तबूकला गेला. मेसमधल्या टीव्हीपुढे आता बसायला कुणी नसतं, ज्याच्या त्याच्या हातात आपापला टीव्ही असतो. परिषदा भरतात. निवेदनं पूर्वीपेक्षा लांब असतात. युद्धं, तेल, समुद्रातल्या वाटा, सगळ्यांबद्दल चिंता. मी ती पूर्ण वाचतो आणि माझ्या तोंडी काहीतरी खवचट येतं, आणि मग लक्षात येतं की ते ऐकून "तार तर एकच हाय ना?" म्हणणारं समोर कुणी नाही. पुण्याला घरी फोन केला तर मुलगी इंग्रजीत विचारते, सगळं ठीक ना, आणि मी मराठीत सांगतो, ठीक. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नसतं.

परवा बातमी वाचली की सहाही देशांसाठी एकच व्हिसा येतो आहे. एका शिक्क्यावर सगळीकडे हिंडता येईल. पाहुण्यांसाठी आहे, कामगारांसाठी नाही, पण गनीभाईंना सांगण्यासारखी बातमी होती. मी त्यांना फोन लावला. पलीकडे फोन उचलला गेला, आणि मागून एका म्हातारीचा आवाज आला, "कोण रं? इक्बाल काय?"

"नाय गं आये. शिंदेसाहेब हायत," गनीभाई तिला म्हणाले. मग मला, "उजेड हाय ना?"

हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. मी खोलीत एकदा बघून घेतलं. ट्यूब चालू होती, एसी चालू होता, खिडकीत दुपार होती.

"आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडे?"

"नाय. सकाळपासनं गेलाय. वारा हाय ना, कुठंतरी तार पडली असंल." मागे आई पुन्हा काहीतरी म्हणाली, त्यांनी तिला हो म्हटलं. "येईल," ते म्हणाले. "तुमी बोला."

मी त्यांना एका व्हिशाची बातमी सांगितली.